दिवेआगरला निघताय? आधी तिथी बघा

कपडे, टॉवेल, टोप्या, औषधं यांवर बोलत नाही. ते घरात कुणीतरी भरतंच. कॉटेजचं बुकिंग झालं की बॅगेच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि मुक्कामाच्या दिवसांच्या तिथी लिहून घ्या. भरती-ओहोटी बघायची, म्हणून. कॉटेजचे रिव्ह्यू तासभर वाचता ना, मग याला दोन मिनिटं द्या. गेल्या खेपेला आम्ही ती दिली नाहीत. पौर्णिमेच्या दिवशी टंगळमंगळ करत साडेअकराला हरिहरेश्वर गाठलं. सासूबाईंना समुद्रालगतची प्रदक्षिणा करायचीच होती. दोन कड्यांमधल्या त्या अरुंद पायऱ्या उतरतो तर खालची वाट पाण्यात, आणि लाट फुटली की शेवटच्या पायऱ्यांवरून फेस सळसळत वर यायचा. गुपचूप मागे फिरलो. ताम्हिणी घाट चढेपर्यंत ते ऐकून घेतलं.

हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहाला. पहाटेही आणि दुपारी-संध्याकाळीही. पक्ष शुद्ध की वद्य, फरक पडत नाही. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून कॉटेजवाल्या काकांना फोन करून पक्कं करा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा जरा नरम.

आता या वेळांवर दिवस बसवा, उलटं नको. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, भरती सव्वाअकरा ते बाराच्या सुमाराला, म्हणजे प्रदक्षिणा भल्या सकाळी उरका किंवा संध्याकाळी पाचनंतर, अंधार पडायच्या आत. अष्टमीला तीच भर दुपारी, डोक्यावर टोपी घालून. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग प्रदक्षिणा. कातळ शेवाळलेला असतो, मागे पट्टा असलेल्या चपला हव्यात, आणि सेल्फीसाठी कडेला जायचं नाही. तिथे माणसं वाहून गेली आहेत, गंमत नाही.

पाण्यात खेळायचं ते भरती चढत असताना, तेही गुडघाभर पाण्यात. ओहोटीला पाणी बाहेर ओढतं. तेव्हा मुलांना वाळूत किल्ला करायला बसवा, शिंपले गोळा करू द्या. गाडी वाळूवर उतरवायची नाही. ओल्या वाळूत चाक रुततं, तेवढ्यात भरती लागते, मग ट्रॅक्टर शोधत गावभर हिंडा. जोडून सुट्टी आली की कुणीतरी हे करतंच. तुम्ही करू नका.

पुण्याहून रस्ता सुमारे १६० किलोमीटर, पौड-ताम्हिणी-माणगाव-म्हसळा. चांदणी चौक सहाच्या आत सोडा, नाहीतर माणगावला मुंबईकरांच्या रांगेत सापडाल. पेट्रोल पिरंगुटला भरा. गाडी लागणाऱ्या पोराला पुढे बसवा, आलेपाक हाताशी, पिशव्या त्याहून हाताशी. रोख पैसे न्या, रेंजचा भरवसा नाही. घरगुती जेवण हवं तर निघतानाच फोन करा, उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. ऐनवेळी फक्त फोडणीचा भात मिळतो.

उन्हाच्या वेळी देवळं. दिवेआगरच्या सुवर्णगणेशाचा मुखवटा १९९७ साली तिथल्याच सुपारीच्या वाडीत सापडला आणि २०१२ मध्ये चोरीला गेला, ही गोष्ट मुलांना गाडीतच सांगून ठेवा म्हणजे देवळात कुजबुज होत नाही. रूपनारायणाच्या मूर्तीभोवती दशावतार कोरलेत. दहाही शोधायला लावा, निदान पंधरा मिनिटं शांतता. दिवेआगर ते श्रीवर्धन समुद्राकाठच्या रस्त्यानेच जा, वेळ लागला तरी. श्रीवर्धन बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव. पुणेकराने तिथे नुसतं आईस्क्रीम खाऊन परत येणं बरं दिसत नाही.

जंजिऱ्याला जायचं तर दिघीहून आगरदांड्याची फेरी, गाडीसकट. मग राजपुरीहून शिडाची होडी. पावसाळ्यात किल्ला बंद. होडीतून दरवाज्याशी उतरताना पाणी हलत असतं, म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा, आणि हो, इथेही भरतीची वेळ होडीवाल्याला विचारा. वेळा एका कागदावर लिहून गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवा. फोनमध्ये नको, रेंज नसते, वर सांगितलंय.

परतीचं थोडक्यात. ओल्या कपड्यांना वेगळी पिशवी. श्रीवर्धनी रोठा सुपारी घ्यायची तर जातानाच घ्या, येताना कुणी थांबत नाही. वाळू गाडीत येणारच, पायपुसणी झटकायला मुलांनाच लावा. माणगाव दुपारी दोनच्या आत ओलांडा. घाटात भजी. बास.