रायफलीच्या चेंबरमधली रेघ: ओरखडा की तडा?

रोही-डुकरांपासून पीक राखायची रायफल पावसाळाभर चामडी खोळीत राहिली, तर चामडं ओल धरतं आणि चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेला, गंज चढतो. म्हणून हंगामाआधी चेंबर बघाच.

मॅगझिन काढा, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) काढा, चेंबर रिकामं आहे हे करंगळी घालून तपासा. चेंबरच्या ब्रशने आणि सॉल्व्हंटने घासून कोरडं पुसा. तेलाचा थेंबही राहू देऊ नका, त्याची कड थेट तड्यासारखी दिसते.

खरी अडचण इथून पुढे. मोबाईलचा टॉर्च सरळ आत मारून ‘काही नाही’ म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे. समोरच्या उजेडात बारीक रेघ बुजून जाते. पेन-टॉर्चचा उजेड भिंतीला घासून जाईल असा तिरपा पाडा, १० पट भिंग लावा आणि रायफल सावकाश फिरवा. ओरखड्याची सावली बाजू बदलते, त्याचा तळ चमकतो. तडा मात्र काळाच राहतो, केसासारखा बारीक आणि वाकडातिकडा. एकसारख्या अंतरावरच्या बारीक गोल रेघा घडणीच्या हत्याराच्या असतात, त्यांनी घाबरू नका.

मग बांबूच्या गुळगुळीत कमचीला सरकी काढलेला कापूस गुंडाळून आत फिरवा. कंगोरा असेल तिथे तंतू अडकून राहतो. तुराटी वापरू नका, आत मोडते.

तरी शंका उरली तर त्या जागी पातळ तेल लावून २० मिनिटं थांबा, अगदी कोरडं पुसा आणि खडूची बारीक पूड भुरभुरा. तड्यात मुरलेलं तेल वर येतं, पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. पुसण्यात घाई केलीत तर साधा ओरखडाही तशीच रेघ दाखवेल. आणि रेघ उमटली नाही म्हणून तडा नाहीच, असं धरून चालू नका. शेवटी खडू पूर्ण साफ करा.

आधी झाडलेल्या पुंगळ्याही, म्हणजे काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी, बघा. बार उडताना पितळ भिंतीवर दाबलं जातं, म्हणून चेंबरमधली खाच पुंगळीवर उंचवटा होऊन येते. नख फिरवा. बुडापासून तेवढ्याच अंतरावर दोन-तीन पुंगळ्यांवर तो लागला, तर दोष चेंबरचा. पुंगळीवर उंचवटा नसून खोल रेघ असेल, तर ती बहुधा मॅगझिनच्या ओठांची, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या त्याच्या वरच्या कडांची. लांबीच्या दिशेचा उथळ ओरखडा सहसा त्रास देत नाही. आडवा वाईट, त्यात पितळ अडकतं आणि पुंगळी निघत नाही.

चेंबर संपून नळी सुरू होते तिथे उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखी भेगांची जाळी दिसेल. ती गरम वायूची झीज. तिने नेम बिघडतो. चेंबरच्या भिंतीतल्या तड्याशी तिची गल्लत करू नका.

काचपेपर आत घालायचा नाही, कोणी कितीही सांगो. माप वाढलं की चेंबर गेलं. तड्याची नुसती शंका असली तरी एकही बार न काढता रायफल परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या, पुंगळ्या सोबत घेऊन.