सायकलला स्वस्त लाइट घेताना या चुका टाळा

इंदूरच्या राजेंद्र नगरहून रात्री राऊकडे निघालो होतो. पहिल्याच गतिरोधकावर लाइटने मान टाकली आणि पुढचं चाक तेवढं लख्ख दिसायला लागलं. लाइट उत्तम होता, हँडलला धरून ठेवणारी पकड, म्हणजे क्लॅम्प, ढिला होता. स्वस्तातल्या लाइटांचं हे नेहमीचं दुखणं, आणि दुकानात आपण लाइट हँडलला बसवणाऱ्या माउंटकडे बघतसुद्धा नाही.

आधी हँडल मोजा. गिअरच्या बऱ्याच सायकलींना मधला जाड भाग 31.8 मिमी असतो, जुन्या सायकलींना 25.4, आणि ग्रिपजवळ 22.2. ‘सगळ्यांना बसतो’ यावर जाऊ नका. थोडा सैल असेल तर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर क्लॅम्प कसा; पंक्चरवाला ती फुकट देतो. मला दोन वेढे लागले, मग पार सुपर कॉरिडॉरपर्यंत लाइट हलला नाही. रबरी पट्ट्याचा माउंट सोयीचा, पण सायकल उन्हात उभी राहत असेल तर पट्टा अधूनमधून ताणून भेगा बघा.

खोक्यावरच्या लुमेनचं, म्हणजे प्रकाशाच्या मापाचं, काय? 1000 लुमेन, चार तास, आणि आत सेल 1200 एमएएचचा, म्हणजे 1.2 अँपिअर-तासांचा! सेलच्या 3.7 व्होल्टने गुणा: साडेचार वॉट-तासही भरत नाहीत. खरे हजार लुमेन द्यायला आठ-दहा वॉट लागतात, म्हणजे अर्ध्या तासात खेळ खलास. 18650 नावाच्या लांबट गोल, चार्ज होणाऱ्या सेलवर 9900 एमएएच छापलं असेल तर उघड थाप. चांगले सेलही साडेतीन हजारांच्या आसपास असतात. अंधाऱ्या रस्त्याला खरे 300-400 लुमेन पुरतात.

लाइट सरळ समोर रोखू नका, समोरच्याचे डोळे दिपतात. भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी करा. झोताचा मध्य लाइटच्या उंचीपेक्षा खाली पडला पाहिजे. अंधारात ब्लिंक मोडवर चालवणं तर वेडेपणाच, खड्डा दिसेदिसेपर्यंत नाहीसा होतो.

खड्ड्यात लाइट विझून पुन्हा लागतो? सेल बदलता येत असेल तर तो काढून आतली स्प्रिंग जराशी ओढा. चार्ज होत नसेल तर आधी केबल बदलून पाहा, मग पोर्टमधली धूळ. पावसाळ्यात पोर्टचं रबरी झाकण नीट दाबा. आयपीएक्स4 म्हणजे फक्त शिंतोडे सोसणारा.

रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत खायला थांबलात तर लाइट काढून खिशात घाला. माझा दुसरा लाइट तिथूनच क्लॅम्पसकट गेला. ट्यूबची पट्टी मात्र हँडलवर जशीच्या तशी होती.