छाटणीआधी त्या फांदीला चिंधी बांधा

परतीचा पाऊस आता शेवटच्या सरी टाकून जाईल आणि मग गुलाबाच्या छाटणीला सगळीकडे एकदमच हात लागेल. मजूर मिळाले की एका दिवसात अख्खा प्लॉट उरकायचा, हे दरवर्षीचंच आहे. म्हणून हे आजच लिहितोय. तुमच्या बागेत एखाद्या झाडाच्या एकाच फांदीला वेगळ्या रंगाचं फूल आलं असेल, तर कात्रीला धार लावायच्या आधी त्या फांदीला चिंधी बांधा. बाकी सगळं नंतर.

मावळातल्या एका घरची गोष्ट सांगतो. ग्लॅडिएटर या गुलाबाचा जुना प्लॉट. घरातल्या काकी रोज पहाटे फुलांच्या गड्ड्या बांधायच्या. सप्टेंबरात त्यांनी एक फूल बाजूला काढून मला दाखवलं. नेहमीचा गडद रंग, पण प्रत्येक पाकळीच्या कडेला बोटाच्या नखाएवढा फिका पट्टा. "चौथ्या ओळीत, विहिरीकडच्या बाजूला, तिसऱ्यांदा आलंय," म्हणाल्या. मी त्यांना खूण करायला सांगितलं आणि स्वतः मात्र खूण न करताच परत आलो. ऑक्टोबरात गेलो तेव्हा सकाळी आठला छाटणी सुरू झाली होती आणि नऊ वाजता बांधावर काड्यांचा ढीग पडला होता. काकी त्या ढिगात काड्या उलटसुलट करत होत्या. फूल नसलेल्या काडीला कोण ओळखणार? पुढच्या बहरात ते झाड पूर्ण ग्लॅडिएटर होतं.

असं मी पुढे आणखी तीन ठिकाणी पाहिलं. रोगाने गेलेला नवा गुलाब मला अजून दिसलेला नाही. जो गेला तो कात्रीनेच गेला.

या बदलाला नर्सरीवाले ‘स्पोर्ट’ म्हणतात. एका डोळ्यातल्या (पानाच्या बगलेतल्या कोंबातल्या) पेशींत बदल होतो आणि त्या डोळ्यातून निघालेली फांदी वेगळी फुलते. बाकीचं झाड जुनंच राहतं. जगातले कितीतरी नावाजलेले गुलाब असेच सापडले. ‘पीस’च्या झाडावर शिकागोत एका माणसाला वेगळी फांदी दिसली, तिचा ‘शिकागो पीस’ १९६२ साली बाजारात आला. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या ‘डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट’ या वेलगुलाबावर पुन्हा पुन्हा फुलणारी फांदी निघाली, ती ‘न्यू डॉन’. अमेरिकेचं वनस्पतींसाठीचं पहिलं पेटंट १९३१ साली याच गुलाबाला मिळालं. टास्मानियात लिलिया वेदरली यांना पांढऱ्या ‘आइसबर्ग’वर गुलाबी फांदी सापडली. प्रयोगशाळा कुठेच नव्हती, रोज झाडाजवळ जाणारं माणूस होतं. आपल्याकडे असं माणूस प्रत्येक बागेत असतं, आणि बहुतेक वेळा ते फुलं तोडणारं असतं. त्यांना आधी विचारा.

आता आणखी एक घात, जो चिंधी बांधूनही होतो. बाजाराच्या सवयीने ते वेगळं फूल आपण लांब दांड्याने तोडतो. नवा गुण ज्या डोळ्यांत आहे ते त्याच दांड्यावर, पानांच्या बगलेत असतात. फूल विकलं म्हणजे वाण विकलं. त्या फांदीचं फूल फक्त मानेपाशी खुडा, दांडा झाडावरच ठेवा. यंदा त्या फांदीची छाटणी करूच नका. तिच्या शेजारच्या जुन्या रंगाच्या फांद्या मात्र खाली घ्या, म्हणजे तिला ऊन आणि जोम मिळेल.

चिंधी लाल किंवा पिवळी, जुन्या साडीची चालते. तिच्यासोबत पत्र्याची पट्टी हवी. थंड पेयाचा रिकामा डबा कापा, दोन बोटं रुंद पट्टी करा, वहीवर ठेवून खिळ्याने दाबून ओळ नंबर, झाड नंबर आणि तारीख कोरा. मार्करची शाई एका पावसाळ्यात जाते. तार सैल बांधा, नाहीतर फांदी फुगली की तीच तार गळफास होते. हाच नंबर वहीत लिहा आणि छाटणीच्या दिवशी सकाळी मजुरांना त्या झाडापाशी नेऊन दाखवा.

बाकीच्या बागेची कामं:
– पाऊस पूर्ण उघडल्यावरच छाटणी. ओल्या हवेत कापलेल्या काडीला शेंड्याकडून मर लागते.
– कापलेल्या टोकांना १० टक्के बोर्डो पेस्ट: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.
– झाडाला ८ ते १० किलो चांगलं कुजलेलं शेणखत.
– काळे ठिपके: मँकोझेब ७५ टक्के, २.५ ग्रॅम प्रति लिटर. पडलेली पानं गोळा करून बाहेर.
– भुरी: पाण्यात मिसळणारं गंधक ८० टक्के, २ ग्रॅम प्रति लिटर. कडक उन्हात नको.
– फुलकिडे: निळे चिकट सापळे, ५ टक्के निंबोळी अर्क.
– खुंटाचे (ज्यावर कलम बांधलंय त्या रानटी गुलाबाचे) फुटवे मुळापासून ओढून काढा, वरून कापू नका.

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबतो. ‘नवीन वाण’ म्हणून मला दाखवलेल्या फांद्यांपैकी कित्येक खुंटाचेच रानटी फुटवे होते. एका देठावर सात छोटी पानं असलेली फांदी रानटी, ही खूण भरवशाची नाही. माती बाजूला करा आणि फुटवा कलमाच्या गाठीच्या वरून निघालाय की खालून, ते डोळ्याने पाहा. खालून असेल तर विषय संपला. थंडीतही रंग गडद होतो आणि मे महिन्यात फिका पडतो, पण तो सगळ्या झाडाचा. एकाच फांदीचा रंग लागोपाठ दोन-तीन बहर वेगळा आला, तरच पुढे जा.

दुकानातून ‘रंग वाढवणारं’ किंवा ‘फुटवा काढणारं’ टॉनिक घेऊन ते खुणेच्या फांदीवर मारू नका. महाग तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे फूल मोठं आलं ते वाणाने की बाटलीने, हे मग कधीच कळत नाही. कुणी ओळखीचा ‘चार काड्या द्या, बघू’ म्हणाला तरी काडी द्यायची नाही.

डोळे भरायचे, म्हणजे खुंटाच्या सालीत डोळा बसवून कलम करायचं, ते नोव्हेंबर ते जानेवारीत. फूल गळून गेलेली काडी घ्या. काट्याला अंगठ्याने बाजूला दाबा, टक्कन स्वच्छ निघाला तर डोळा तयार आहे. साल सोबत ओढली गेली तर आठवडाभर थांबा. खुंट पेन्सिलीएवढा जाड हवा, ‘टी’ आकाराचा काप आणि डोळा उघडा ठेवून प्लास्टिक पट्टी. तीन आठवड्यांनी डोळ्यापाशी राखलेला पानाच्या देठाचा तुकडा बोट लावताच गळाला तर डोळा धरला. काळा पडून चिकटून बसला तर गेला.

बदल काही वेळा फांदीच्या एकाच बाजूला असतो. म्हणून सगळे डोळे एकत्र मिसळू नका. खालचा डोळा १, त्यावरचा २, असे नंबर द्या आणि प्रत्येकाला वेगळी पत्र्याची पट्टी. इथेही तोच आळस नडतो: दहा कलमं केली, नऊ धरली, आणि कुठलं कुठल्या डोळ्याचं हे कुणालाच सांगता येत नाही.

पारखायचं कसं? शेजारच्या ओळीत, त्याच जातीच्या खुंटावर, त्याच दिवशी डोळा भरलेला मूळ वाण लावा. त्याशिवाय तुलना नाही. खत-पाणी दोघांना सारखं. वहीत एवढंच: छाटणीपासून फुलापर्यंत दिवस, दांड्याची लांबी, पाकळ्या, कळी-अर्धं-पूर्ण उमललेल्या फुलाचा रंग, सकाळचा वास, साध्या पाण्यात फूल किती दिवस टिकलं, ठिपके किती. थंडी, उन्हाळा आणि पावसाळा, तिन्ही ऋतूंत.

मग पहिल्या कलमांच्या डोळ्यांवरून दुसरी पिढी करा आणि तिच्यावरून तिसरी. मूळ रंगाची फांदी परत फुटली तर ती तळातून काढा आणि मोजून ठेवा. माझा अंदाज सांगतो, शास्त्र म्हणून घेऊ नका: तिसऱ्या पिढीतल्या वीस झाडांत एकाहून जास्त झाडं मूळ रंगावर उलटली, तर त्याला अजून वाण म्हणायला मी तयार नाही.

टिकलं तर नोंदणीचा रस्ता आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार शेतकऱ्यालाही स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते, प्राधिकरण नवी दिल्लीत आहे. नवं वाण म्हणून अर्ज करायचा असेल, तर भारतात त्याची विक्री सुरू होऊन एका वर्षाहून जास्त काळ गेलेला नसावा. म्हणून रोपं विकायची घाई नको. पॉलिहाउसमधल्या रॉयल्टीच्या परदेशी वाणावर फांदी सापडली असेल, तर मूळ वाणाच्या मालकाचा हक्क त्यावर येऊ शकतो. एकही रोप विकण्याआधी कृषी विद्यापीठाच्या उद्यानविद्या विभागात जाऊन विचारा, सोबत वही न्या.

त्या काकींच्या बागेत मागच्या श्रावणात पुन्हा एका झाडावर तसाच फिका पट्टा दिसला. या वेळी फोन येताच मी त्याच दुपारी गेलो. पिवळी चिंधी त्यांनी आधीच बांधली होती, पट्टी मी कोरली: ओळ ६, झाड ११. यंदाच्या थंडीत तिच्यावरून आठ डोळे भरायचे आहेत.