स्वसंमोहनात सूचना देताना

अंग सैल पडून श्वास संथ झाला की मगच मनाला सूचना द्या. वाक्य एकच, छोटं, वर्तमानकाळातलं. ‘मी घाबरणार नाही’ म्हटलं की आधी भीतीच समोर उभी राहते. त्याऐवजी ‘बोलताना माझा आवाज स्थिर असतो’ म्हणा आणि तो आवाज मनात ऐकाही. न पटणारं वाक्य मात्र रेटू नका. ‘मला प्रचंड आत्मविश्वास आहे’ हे खोटं वाटत असेल, तर ‘माझा आत्मविश्वास वाढतोय’ हे कितीतरी बरं. फ्रेंच औषधविक्रेते एमिल कुए (1857–1926) असं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणण्यासाठी 20 गाठींची दोरी हातात घ्यायला सांगत: डोळे मिटून, पुटपुटत, गाठीगणिक एकदा. मोजण्यात लक्ष अडकत नाही. झोपण्याआधीची वेळ उत्तम. गाडी चालवताना मुळीच नको.