अँप सगळ्यात शेवटी उघडायचा

आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक होऊन ठाणे-नवी मुंबईतल्या कार ॲक्सेसरीजच्या दुकानात लागलेल्या मुलाची पहिली चूक ठरलेली असते. 'अँप (गाडीच्या स्पीकरसाठी आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) चालत नाही' असं गिऱ्हाईक म्हणालं, की तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन झाकणाला हात घालतो. बिघाड बहुतेक वेळा झाकणाच्या बाहेर सापडतो: वायरीत, अर्थमध्ये (म्हणजे गाडीच्या बॉडीला केलेल्या ग्राउंडच्या जोडणीत) किंवा स्पीकरच्या जोडणीत. म्हणून हातात आधी मल्टिमीटर घ्या.

अँपवर तीन स्क्रू महत्त्वाचे: बी प्लस (बॅटरीच्या प्लसची वायर), ग्राउंड आणि रिमोट (म्युझिक सिस्टीमकडून अँप चालू करणारी वायर). काळी प्रोब अँपच्या ग्राउंडच्या स्क्रूवरच टेकवा, गाडीच्या बॉडीवर नाही. नाहीतर खराब अर्थ कधीच दिसणार नाही. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट आणि इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळायला हवेत. म्युझिक सिस्टीम लावली की रिमोटवरही 12च्या आसपास व्होल्ट यायला हवेत. आले नाहीत, तर बी प्लस आणि रिमोट यांच्यात वायरीचा तुकडा क्षणभर टेकवा. अँप जागा झाला तर तो ठीक आहे, दोष रिमोटच्या वायरीत. बाजारातल्या बहुतेक हेड युनिटना (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टीमना) निळी-पांढरी वायर रिमोटची असते आणि नुसती निळी एरियलची. कुणी नुसती निळी जोडली असेल, तर बऱ्याच सेटवर रेडिओ लावला तरच अँप चालतो आणि ब्लूटूथवर गेलं की गप्प होतो. अशी तक्रार आली की आधी हा रंग बघा.

आता खरा मुद्दा. नुसतं मीटर लावून 12 व्होल्ट दिसले म्हणजे वायर चांगली, असं नाही. करंट वाहत नसताना गंजलेला सांधाही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. सबवूफरवर 50 हर्ट्झचा टोन मोठ्या आवाजात लावा. लांब वायर घेऊन लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि काळी अँपच्या बी प्लसवर ठेवा. मीटरवर दिसेल तेवढं व्होल्टेज वाटेत हरवतंय. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर फ्यूज होल्डर, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि वायरीची जाडी तपासा. हिशोब सोपा आहे: 16 चौरस मिलिमीटरच्या 5 मीटर शुद्ध तांब्याच्या वायरीत 50 अँपिअरला पाव व्होल्टच्या आसपास जातो, 4 चौरस मिलिमीटरच्या वायरीत तोच आकडा 1.1 व्होल्ट होतो. वर तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअमची वायर स्वस्त मिळते, पण तिचा रोध तांब्याच्या दीडपट असतो. वायर खरवडा, आतून चंदेरी निघाली तर ती हीच.

अर्थसाठीही तेच करा. अँपचा ग्राउंड स्क्रू आणि त्याच्या जवळचा उघडा पत्रा यांच्यात 0.1 व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. आपल्याकडे खाडीची खारी हवा आहे आणि चार महिने पाऊस. वाशी, कोपरखैरणे किंवा कळव्याच्या गाड्यांमध्ये लगवर हिरवट थर हमखास सापडतो. रंग पूर्ण खरवडा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट घट्ट करा आणि वर ग्रीस लावा. सीट बेल्टचा बोल्ट अर्थसाठी कधीही वापरू नका. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरना हातही लावायचा नाही, ती एअरबॅगची वायरिंग असते. डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात पाणी आहे का, तेही बोट घालून बघा.

प्रोटेक्टचा दिवा (बिघाड दिसला की अँप स्वतःला बंद करतो, त्याची खूण) लाल झाला असेल, तर सगळे स्पीकर आणि आरसीए (हेड युनिटकडून आवाजाचा सिग्नल आणणाऱ्या वायरी) काढा, फक्त तीन वायरी ठेवा. दिवा गेला तर दोष बाहेर आहे. एकेक स्पीकर परत जोडत जा. 4 ओहमचा स्पीकर मीटरवर 3.2 ते 3.8 दाखवतो, ते बरोबरच आहे. स्पीकरच्या वायरी आणि बॉडी यांच्यात मात्र काहीच कंटिन्युइटी (विजेची जोडणी) नको. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत वायर झिजलेली असते, ती जागा विसरू नका. 2 ओहमचा सबवूफर ब्रिज करून, म्हणजे दोन चॅनेल एकत्र करून, जोडला तर प्रत्येक चॅनेलला तो 1 ओहम वाटतो. बरेच अँप ते सोसत नाहीत.

एकच बाजू वाजत नसेल, तर अँपवर आरसीएच्या डाव्या-उजव्या पिना बदला. शांतता दुसरीकडे सरकली तर दोष अँपच्या आधीचा. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी येत असेल, तर आरसीए काढून बघा. शिट्टी गेली तर आरसीएचा किंवा हेड युनिटचा अर्थ तपासा.

गेन (अँपवरचा, येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा स्क्रू) म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नव्हे. स्पीकर काढा, गेन शून्यावर, बेस सपाट, हेड युनिट पाऊण आवाजावर. 0 डेसिबलचा 50 हर्ट्झ टोन लावून आउटपुटवर एसी व्होल्ट मोजा. गेन हळूहळू वाढवा आणि ठरलेला आकडा आला की थांबा. तो आकडा म्हणजे वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: 100 वॅट आणि 4 ओहमला 20 व्होल्ट. वॅट खोक्यावरचे धरू नका, फ्यूज बघा. 20 अँपिअरचा एकच फ्यूज असलेला अँप 13.8 व्होल्टवर सतत 276 वॅटच ओढू शकतो, मग 1000 वॅट बाहेर कुठून येणार?

एवढं करूनही फ्यूज उडत असेल तरच झाकण काढा. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. बहुधा पॉवर सप्लायचे मॉस्फेट (स्विचसारखे काम करणारे ट्रान्झिस्टर) शॉर्ट असतात; त्यांच्या ड्रेन आणि सोर्स या पायांमध्ये मीटरची शिट्टी वाजली तर पक्कं. एकच बदलू नका, पूर्ण संच आणि गेटचे (मॉस्फेटच्या तिसऱ्या पायाचे) रेझिस्टरही तपासून बदला. मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, माल आणताना बनावट तुकड्यांपासून सावध राहा. बसवताना मायका (वीज अडवणारा पातळ पापुद्रा) परत घाला, नाहीतर हीटसिंकला शॉर्ट होईल. पहिल्यांदा चालू करताना बी प्लसच्या सिरीजमध्ये इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब लावा. बल्ब चमकून मंद झाला तर ठीक, पूर्ण पेटून राहिला तर अजून शॉर्ट आहे. मग स्पीकर न लावता आउटपुटवर डीसी मोजा: 0.1 व्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर जोडा आणि जॉब कार्डवर लोडवरचं (मोठ्या आवाजात मोजलेलं) रीडिंग लिहून ठेवा, पावसाळ्यानंतर तीच गाडी आली की तुलनेला लागेल.