डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाला बसतं, चालतं, बोलतं करताना घरी काय करायचं

माझी लेक २६ महिन्यांची असताना पहिल्यांदा आपली आपण चार पावलं टाकली. डाऊन सिंड्रोमची मुलं साधारण दोन वर्षांच्या आसपास चालतात, कोणी थोडं आधी तर कोणी पार चौथ्या वर्षी, त्यामुळे शेजारचा बाब्या कधी चालला ते आधी डोक्यातून काढा. आम्ही पहिले कितीतरी महिने "कधी चालेल, कधी चालेल" यातच घालवले, आणि खरं बघायला हवं होतं ते ती कशी बसते, कशी उठते.

व्यायाम सुरू करायच्या आधी हृदयाची इको झालीये ना ते बघा, कारण जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः काहीतरी दोष असतो. थायरॉइड पण दरवर्षी तपासायचं, ते बिघडलं तर बाळ सुस्त होतं आणि आपण म्हणत बसतो आळशी आहे.

या मुलांचं अंग मऊ, सांधे सैल. काखेत हात घालून उचललं की निसटतात, म्हणून एक हात ढुंगणाखाली, एक पाठीला. हात धरून ओढून तर बसवूच नका. झोपल्यावर पाय बेडकासारखे बाहेर पडतात, तर मांड्यांना बाहेरून टॉवेलच्या गुंडाळ्या लावायच्या, आपण जवळ बसलेलो असताना. पालथं घालणं दिवसातून पाच-सहा वेळा, दोन-दोन मिनिटंच पण रोज, दूध पाजल्या पाजल्या मात्र नाही. आमची मान उचलायलाच तयार नव्हती, मग सासूबाईंनी समोर स्टीलचं ताट भिंतीला टेकवून उभं केलं, त्यात स्वतःचं तोंड दिसलं आणि बाई डोकं वर करून बघत राहिल्या!

उशांचा कोट करून बसवून ठेवायची सवय आपल्याकडे सगळ्यांना असते, पण त्याने बाळ बसायला शिकत नाही, नुसतं ठेवलेलं राहतं. कुशीवर वळवा, खालच्या कोपरावर भार येऊ द्या, कमरेला हलका हात लावा आणि थांबा. कोपर, मग तळहात, मग धड वर. हे थांबणं फार जड जातं हो, हात शिवशिवतात उचलायला. पण तो तळहात जमिनीवर दाबला जातो ना, बोटं पसरतात, तिथेच सगळं शिक्षण आहे.

आत बसवायचा चाकाचा वॉकर नकोच, त्यात मूल लोंबकळतं आणि चवड्यांवर ढकलत राहतं. दिवाण धरून बाजूला पावलं टाकायला लागलं की पांगुळगाडा द्या, तो पळू नये म्हणून आम्ही वर तांदळाची पिशवी बांधली होती.

बोलण्याचं वेगळं आहे. ही मुलं बोलतात त्यापेक्षा कितीतरी जास्त समजतात, आणि ऐकून लक्षात ठेवण्यापेक्षा बघून चांगलं लक्षात ठेवतात. म्हणून शब्दाबरोबर हाताची खूण करा, "अजून", "संपलं", "पाणी", खुणांमुळे बोलणं मागे पडत नाही उलट चिडचिड कमी होते. घरच्या माणसांचे, वाटी-चपलेचे फोटो दाखवा. प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजा, उत्तर येतं पण उशिरा येतं, आणि आपण मध्येच दुसरं काहीतरी बोललो की बिचारं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. नवीन काम तुकडे करून शिकवा, डबा उघडून आत चमचा टाकून झाकण लावायचं असेल तर पहिले काही दिवस फक्त शेवटचं झाकण तिच्याकडून लावून घ्या, बाकी आपण.

एक चूक मात्र माझ्या मनाला अजून लागते. दीड वर्षाची असताना हाक मारली तर वळायची नाही, मी हट्टी समजून रागावले, आणि तपासणीत दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठलेलं निघालं. जन्मानंतरची टेस्ट नॉर्मल असली तरी सहा-सहा महिन्यांनी कान तपासा.

कोलांटउड्या वगैरे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, मानेचे मणके सैल असू शकतात. मान वाकडी धरायला लागलं, चाल अचानक बदलली किंवा शी-शूवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी दाखवा.

थेरपी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं केंद्र, कुठेय ते विचारा, सरकारी आहे, अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडूनही कळतं. जाताना मोबाईलवर घरातले व्हिडिओ काढून न्या, तिथे गेल्यावर पोरं रडतात आणि काही म्हणजे काही करून दाखवत नाहीत.