साठवण ठेवली, साठा सोडला

लातुरात 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं. त्या उन्हाळ्यात घेतलेले पिंप आमच्या घरात अजून होते, आणि पिंप आहेत म्हणून त्यात भरायला सामानही येत गेलं. सासूबाईंनी 1972चा दुष्काळ पाहिलाय. "असू दे की, लागंल कधीतरी," हे त्यांचं म्हणणं मी कधी हसण्यावारी नेलं नाही. त्यामुळे आवराआवर त्यांना विचारूनच केली.

आधी ठरवलं, वर्षाचं काय आणि महिन्याचं काय. ज्वारी, गहू आणि तूरडाळ वर्षाची. कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार करून, कोरड्या कोठीत. कोमट धान्य भरलं की आत घाम धरतो आणि सोंडे होतात. बाकी सगळं महिन्याचं. रवा, बेसन, शेंगदाणे यांचा जास्त साठा करण्यात काही अर्थ नाही. शेंगदाणे खवट होतात, रव्यात जाळी धरते. ज्वारीचं पीठही आठवड्यापुरतंच दळायचं, नाहीतर कडवटतं.

जास्तीची भांडी आणि चादरी गरजूंना दिल्या. दोन पिंप मात्र ठेवले, कारण इथे नळाला रोज पाणी येत नाही.

खरेदीचा मोह मला 'एकावर एक फ्री'चा होतो. म्हणून यादी आता सासूबाईच सांगतात, मी लिहिते. डबा रिकामा झालेला दाखवल्याशिवाय त्या नाव घेत नाहीत. परवा साबणासाठी मला न्हाणीत पाठवलं, आधी बघून ये म्हणाल्या. तीन वड्या निघाल्या.